बुधवार-शनिवारची कोरी पानं

जून ते ऑक्टोबर माझ्या दुकानात एकच प्रश्न दिवसभर कानावर पडतो. "भाऊ, पंपाले किती टाकू?" दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. मी डबा फिरवून लेबल वाचतो, एकराचं प्रमाण बघतो, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली येतं ते डब्यावर स्केचपेननं मोठ्या आकड्यात लिहून देतो आणि सोबत मोजायचं टोपण देतो. "थोडं जास्त टाकलं त आळी लवकर मरते" म्हणणाऱ्याशी मी भांडतोसुद्धा. अंदाजानं टाकू नका, हे वीस वर्षांत मी हजारो लोकांना सांगितलं असेल.

आणि हाच मी दर बुधवारी आणि शनिवारी रात्री, मित्राच्या वावरातल्या कोठ्यात, म्हणजे शेतातल्या गोठ्यात, स्टीलच्या ग्लासात नजरेनं मापून दारू ओतत होतो.

वजनाचा विषय निघाला तो गेल्या मार्चमध्ये. तूर-हरभऱ्याची उधारी वसूल करून जरा मोकळा झालो होतो. पोटात उजव्या बाजूला जड जड वाटायचं म्हणून अमरावतीला दाखवलं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली, ग्रेड दोन. ट्रायग्लिसराइड ३१२, जे दीडशेच्या आत हवं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२, म्हणजे मधुमेहाच्या अगदी उंबऱ्यावर. डॉक्टरांनी कंबर मोजली. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात, माझी १०८ भरली. बीएमआय ३३ च्या पुढे. आपल्या भारतीय शरीरासाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी विचारलं, "घेता का?"

मी म्हणालो, "कधीमधी."

बायको शेजारच्या खुर्चीवर होती. तिनं फाइलमधले कागद उगाच खालीवर केले आणि खिडकीकडे बघितलं. परतीच्या रस्त्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

गावात आल्यावर मी गोदामातल्या काट्यावर उभा राहिलो. खताच्या बॅगा तपासायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. ९४ किलो ३०० ग्रॅम. युरियाची बॅग ४५ किलोची असते. अशा दोन बॅगा एकदम पाठीवर घेऊन चालणारा हमाल मी आयुष्यात पाहिला नाही, आणि माझे गुडघे रोज तेवढं ओझं उचलत होते. त्या दिवशी मला गुडघ्यांची खरोखर कीव आली.

दुसऱ्या दिवशी एक वही घातली. दुकानदाराला वहीची सवय असतेच. उधारीच्या वहीसारखीच लांबट, लाल कापडाची. डावीकडे तारीख, मधे काय खाल्लं, उजवीकडे सकाळचं वजन. चहातली साखर बंद केली. आमच्याकडे पाहुणा आला की चहा, गिऱ्हाईक आलं की चहा, वसुलीला गेलं की चहा. दिवसाला सात-आठ कप व्हायचे, ते तीनवर आणले. रात्रीची एक भाकर कमी केली. पातळ वरण, अंबाडीची नाही तर चवळीची भाजी, कांदा, जवसाची चटणी. ज्यानं कळण्याची भाकर आणि ताजा ठेचा खाल्लाय त्याला कळेल की दुसऱ्या भाकरीला नाही म्हणायला काय लागतं. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा फुगलेला असतो, त्यातून वाफ निघते, आई अजूनही टोपलं पुढे सरकवते, आणि आपण हात आडवा धरायचा. आई पंचाहत्तरीला आली आहे. तिच्या हिशेबानं भाकर नाकारणारा माणूस आजारी तरी असतो नाही तर रुसलेला.

पहाटे पाचला चालायला लागलो. आमच्या भागातून शकुंतला रेल्वेची लाइन जाते, मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटी रुळांची. शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला टाकलेली. गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली, रुळांमधे गवत आणि बाभळी वाढल्या, पण कडेनं पायवाट शाबूत आहे. एप्रिलच्या पहाटे तेवढाच काय तो गारवा असतो. सहा वाजून गेले की खारपाणपट्ट्याची काळी माती तापायला लागते आणि आठला घराबाहेर नको वाटतं. जाऊन-येऊन पाच किलोमीटर होत.

पहिल्या महिन्यात रिपोर्टच्या भीतीनं मी थेंबालाही हात लावला नाही. कोठ्यावर गेलोच नाही. महिनाअखेर काटा ९१.८ वर आला. अडीच किलो. मी पहिल्यांदा काही जिंकल्यासारखा हसलो.

आणि मग वाटलं, जेवण तर आता हातात आलं आहे, आठवड्यातून दोन रात्री बसलं तर काय बिघडतं?

मे, जून, जुलै. वहीतला आकडा ९१.४ ते ९२.१ च्या मधे हेलकावे खात राहिला. मी मनाला सांगितलं, शरीराला सवय झाली असेल. लग्नसराईवर ढकललं, उन्हावर ढकललं. खरिपाच्या गर्दीत दुपारचं जेवण चार वाजता होतं म्हणून असेल, असंही ठरवलं. यूट्यूबवर व्हिडिओ बघितले. कुणी पहाटे लिंबूपाणी सांगे, कुणी दिवसातून दोनदाच जेवायला. गावात तर दोनदा जेवणाऱ्यांचा एक गटच तयार झाला होता, म्हणून पंधरा दिवस तेही केलं. आकडा तिथेच.

मुलगी अमरावतीला बी. फार्म. करते. जुलैच्या शेवटी सुट्टीत आली होती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तिनं गल्ल्याजवळची वही उचलली आणि पानं उलटायला लागली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"बाबा, यात बुधवार आणि शनिवारची पानं कोरी का आहेत? त्या दिवशी तुम्ही जेवत नाही का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी वही बघितली. बुधवारची सकाळ लिहिलेली, दुपारही लिहिलेली, आणि संध्याकाळपासून कोरं. गुरुवारी सकाळी पुन्हा सुरू. तीन महिन्यांत एकाही पानावर तसं जाणूनबुजून सोडल्याचं मला आठवत नव्हतं. हात आपोआप थांबला होता. ज्या माणसानं वीस वर्षांत कुणाची दोन रुपयांची उधारी लिहायची सोडली नाही, त्याचा.

मी तिला सांगितलं. सगळं, किती घेतो, कुठे, कुणासोबत. ती माझी मुलगी आहे, मला लाज वाटली आणि मी सांगितलं. तिनं पेन घेतलं आणि खतांच्या पावतीच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. ते पान मी वहीत चिकटवून ठेवलं आहे.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७७ मिली. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजनात सुमारे ६१ ग्रॅम. एका ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात. साखर आणि पिठातून ४, तेला-तुपातून ९. म्हणजे दारू ही पिठापेक्षा तेलाच्या जवळची वस्तू. ६१ गुणिले ७, सव्वाचारशेच्या वर. ज्वारीच्या मोठ्या दोन भाकरी. मी रोज रात्री आईसमोर हात आडवा धरून एक भाकर वाचवत होतो आणि कोठ्यावर एका बैठकीत दोन भाकरी पिऊन येत होतो. पाच किलोमीटर चालून माझ्या वजनाच्या माणसाचे तीनशेच्या आसपास जळतात. एक क्वार्टर म्हणजे शकुंतलेच्या लाइनवरची दीड सकाळ.

आणि नुसती क्वार्टर कुठे असते. खारी फल्ली, म्हणजे खारे शेंगदाणे, असते. पन्नास ग्रॅम फल्लीत पावणेतीनशे कॅलरी, आणि गप्पांत पन्नास ग्रॅम कधी संपतात कळत नाही. शेव असते, चिवडा असतो. कोणी कोल्ड्रिंक मिसळतो, त्याच्या अडीचशे मिलीत पाच-सहा चमचे साखर. मग रात्री साडेअकराला घरी येऊन झाकलेला भात-वरण, वर कच्चं तेल. माणूस उपाशी नसतानाही त्या वेळी भूक लागते. पिलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि पुरे कधी म्हणायचं हे कळायचं कमी होतं. दोन्ही गोष्टी एकदमच होतात.

मुलीनं आणखी एक समजावलं, आणि ते मला गणितापेक्षा जास्त लागलं. शरीर पीठ साठवू शकतं, चरबी साठवू शकतं, पण अल्कोहोल साठवायला त्याच्याकडे जागाच नाही. ते विषारी असल्यामुळे लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तेच संपवायला घेतं. तोपर्यंत चरबी जाळायचं काम मागे पडतं. १९९२ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी आठ पुरुषांना बंद खोलीत ठेवून, त्यांचा श्वास मोजून हे तपासलं होतं. दारू दिलेल्या दिवसात शरीरातली चरबी जळायचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं घटलं. साधारण पुरुषाचं लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल संपवतं. माझ्या ६१ ग्रॅमला सहा ते जवळपास नऊ तास. म्हणजे मी ग्लास खाली ठेवून घरी येऊन झोपायचो आणि लिव्हर पहाटेपर्यंत राबायचं. पाचला मी बूट घालून लाइनवर जायचो तेव्हा कुठे त्याची पाळी संपत आलेली असायची. ज्या लिव्हरवर आधीच चरबी बसली होती, त्याला मी आठवड्यातून दोन रात्री अशी जादा पाळी लावत होतो.

झोपेचं तर तेव्हापर्यंत लक्षातही आलं नव्हतं. पिऊन झोप लवकर लागते, म्हणून आमच्यातले कितीतरी लोक तिला झोपेचं औषध समजतात. पण रात्रीच्या दुसऱ्या भागात ती तुटते, घोरणं वाढतं, घसा कोरडा पडून तीनला जाग येते. बायकोला ते ठाऊक होतं. बुधवार-शनिवारी ती आईच्या खोलीत झोपायला जायची आणि मला वाटायचं, आईचे पाय दुखत असतील.

गणित कळल्यावर माणूस लगेच सुधारतो असं नाही. आधी मी तडजोडी केल्या, आणि त्या इथे लिहितो, कारण माझ्यासारखे बरेच जण त्याच करत असतील.

पहिली तडजोड अशी की त्या दिवशी जेवायचंच नाही. दुपारपासून पोट रिकामं ठेवायचं, म्हणजे सव्वाचारशेचा हिशेब जुळला. एका शनिवारी असं करून कोठ्यावर गेलो. दुसऱ्या ग्लासानंतर हाताला कंप सुटला, कपाळावर गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मित्रांना वाटलं चढली. मुलगी नंतर फोनवर रडकुंडीला आली होती. लिव्हर दारूत गुंतलं असलं की रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मंदावतं. पोट रिकामं असेल तर साखर खाली घसरते, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या तर जिवावर बेतू शकतं. मी नुसता उंबऱ्यावर होतो म्हणून निभावलं. कृपा करून हे कुणी करू नका.

दुसरी तडजोड बिअर. हलकी असते म्हणतात. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ८ टक्क्यांच्या हिशेबानं ४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल, शिवाय त्यातलं धान्याचं पीठ. एकीत तीनशेच्या वर कॅलरी, आणि एकीवर कोण थांबतं?

तिसरी, शुद्ध पाण्यासोबत आणि चकना बंद. याचा थोडा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन ग्लास झाल्यावर चकन्याची शपथ पाळणारा माणूस मी नाही, हे मला माहीत आहे.

मग श्रावण लागला. आखाडीला सगळ्यांनी पोटभर करून घेतलं होतं, आणि श्रावणात आमची बैठक दरवर्षी बंदच असते. यंदा मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं. जेवण तेच ठेवलं, चालणं तेच. पावसानं चार दिवस चालणं बुडालंसुद्धा. बदललं फक्त एक. महिन्याभरात काटा ९१.६ वरून ८९.५ वर आला. तीन महिने दगडासारखा बसलेला आकडा हलला होता, आणि कशानं, ते विचारायची गरज नव्हती.

श्रावणाच्या शेवटच्या दिवशी पोळा. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद, अंगावर झुली, शिंगांना बेगड, तोरणाखाली झडत्या. आमच्याकडे आता एकच जोडी उरली आहे, पण आई अजून दोन्ही बैलांच्या पायांवर पाणी घालते आणि पुरणाची पोळी आधी त्यांना भरवते. आणि दुसऱ्या दिवशी कर. विदर्भातल्या माणसाला पोळ्याची कर सांगावी लागत नाही. महिनाभर राखलेला श्रावण त्या एका दिवसात फेडला जातो. घरोघरी मटण शिजतं आणि दुपारपासून नाल्याच्या काठानं, धुऱ्यांवर, कोठ्यांत माणसं बसलेली. मीही बसलो. गणपती संपेपर्यंत ९०.३.

इथे मला गाडगेबाबांची गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांचं शेंडगाव आमच्यापासून लांब नाही, अंजनगाव तालुक्यातलं. वडील झिंगराजी दारूच्या नादात गेले आणि आईनं पोराला घेऊन माहेर गाठलं, मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला. तो पोरगा, डेबूजी, मोठा झाला, त्याला मुलगी झाली, बारसं आलं. त्या काळी बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू घालायची रीत होती. डेबूजीनं ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. लोक चिडले होते म्हणतात. मी लहानपणापासून ही गोष्ट कीर्तनात ऐकत आलो, आणि दर वेळी मनात दारू सोडणाऱ्या माणसाचं चित्र यायचं. आता वाटतं, त्यांनी त्याहून अवघड काम केलं. पंगत मोडू दिली नाही. बोलावलेल्या माणसांना उपाशी परत पाठवलं नाही. ताटात दुसरं काहीतरी वाढलं.

माझी खरी अडचण तीच होती. कोठ्यावर जायचं सोडलं तर वजन उतरतं, हे मला दोनदा दिसलं होतं, एप्रिलमध्ये आणि श्रावणात. पण त्या दोन्ही वेळी मी एकटा पडलो होतो. संध्याकाळी सातला दुकानाचं शटर ओढलं की गावातल्या पुरुषानं जायचं कुठे? माझ्या बालपणी आई तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला घेऊन जायची. सांजवेळी ओळीनं माणसं बसायची, खंजिरी वाजायची. ती जागा अजून आहे. आता तिथे आठ-दहा म्हातारी माणसं येतात. माझ्या वयाच्या लोकांची बसायची जागा कोठा झाली. नापिकीचं, कर्जाचं, बापाच्या आजारपणाचं, पोरीच्या लग्नाचं जे काही बोलायचं ते तिथेच, दुसऱ्या ग्लासानंतर. दारूबंदीवर मी इथे फार लिहीत नाही. वर्ध्याची बंदी माझ्या जन्माआधीची आहे, गडचिरोलीची १९९३ पासूनची, चंद्रपूरची २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मत द्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण मार त्यांनी खाल्लेला असतो. पण माझ्या संध्याकाळचं काय करायचं, ते मलाच बघायचं होतं.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी मी ठरवून कोठ्यावर गेलो. सोबत ताकाची बरणी, त्यात जिरं आणि सांभार (कोथिंबीर), एका डब्यात उकडलेले हरभरे, कांदा-लिंबू. तिघंही आधीच बसले होते. एक शाळेत मास्तर आहे, एक ट्रॅक्टरवाला, एक ज्याचं वावर आहे तो, आमच्यात सगळ्यात मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो.

"काऊन बे, माळ घातली का?"

"नाही. लिव्हरनं हात वर केले."

थोडी ओढाताण झाली. एकानं ग्लास भरून पुढे ठेवला, मी तो तसाच ठेवला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "एकानं काय होते?" काय होतं ते मी सांगितलं, आकड्यांसकट. दादानं मधेच थांबवलं, "राहू दे त्याले. हरभरे इकडं दे." आणि विषय संपला. मला महिनोन्महिने ज्याची धास्ती होती ते पाच मिनिटांत आटोपलं होतं. त्या पहिल्या संध्याकाळी मला कंटाळा आला, हेही लिहितो. तेच किस्से पुन्हा, आवाज चढलेले, हसू उशिरापर्यंत लांबलेलं. आपणही इतकी वर्षं असेच दिसत होतो, हा विचार सोबत घेऊन गाडी चालवत घरी आलो. गाडीही सरळ चालवत, हे पहिल्यांदाच. धुऱ्याच्या त्या अंधाऱ्या वाटेनं मी पिऊन किती वेळा आलो असेन, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी थंडी पडली होती. शेकोटी केली होती. ट्रॅक्टरवाला लवकर उठून गेला, मास्तर भिंतीला टेकून झोपला. दादा काडीनं निखारे उकरत होता. म्हणाला, रस्त्याकडचं चार एकर वावर लिहून दिलं आहे. सावकाराला. मुलाच्या शिक्षणापायी तीन वर्षांपूर्वी पैसे घेतले, व्याज वाढत गेलं, आता मुदत मार्चपर्यंत.

मी हादरलो. "दादा, मले काऊन नाही सांगितलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत.

"हे मी तुले तिसऱ्यांदा सांगून राह्यलो."

एकदा गेल्या होळीत, म्हणाला. एकदा करीच्या दिवशी, नाल्यावर. तू माझ्या गळ्यात पडून रडला होता. उद्याच बँकेत जाऊ म्हणाला होता.

मला काहीही आठवत नव्हतं. होळी आठवत होती, नाला आठवत होता, मटण तिखट झालं होतं तेही आठवत होतं. हे नाही. वहीतल्या कोऱ्या पानांसारखंच. आम्ही एकमेकांना जवळचं म्हणायचो ते याच बैठकीच्या जोरावर, दारू पोटात गेली की मन मोकळं होतं म्हणायचो. त्याचं मन दोनदा मोकळं झालं होतं आणि दोन्ही वेळा ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

त्या रात्री मी वहीत बुधवारचं पान भरलं. ताक दोन ग्लास, हरभरे एक वाटी, घरी अर्धी भाकर. खाली दादाच्या वावराचा गट नंबर, रक्कम, व्याजाचा दर, मुदतीची तारीख.

मी दारू कायमची सोडली असं लिहिणार नाही. पुतण्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, साठ मिली घेतली, फवारणीच्या टोपणानं नव्हे पण घरच्या औषधाच्या मापानं मोजून, आणि वहीत लिहिली, १४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, थोडीशी बरी असते हे आता धरून चालू नये. मला ते पटतं. साठ मिली ही माझी कमजोरी आहे, शिफारस नव्हे. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. ज्याला सकाळी उठल्यावर लागते, जो रोज घेतो, त्यानं माझं वाचून एकाएकी बंद करू नये. अशा माणसाला अचानक सोडल्यानं झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. आमच्या गावात असे दोघं आहेत, आणि त्यांना कोणी आळशी किंवा बेशरम म्हटलं की मला वाईट वाटतं.

आज सकाळी काटा ८४.८ दाखवत होता. कंबर ९९. ट्रायग्लिसराइड १७८. अजून बरंच उतरायचं आहे. बायको बुधवार-शनिवारी आईच्या खोलीत जात नाही. आईला मात्र मी अजून आजारीच वाटतो. टोपलं पुढे सरकवणं तिनं सोडलेलं नाही.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी दादाच्या दारात गाडी घेऊन उभा होतो. तो तयार नव्हता. मी येईन असं त्याला वाटलंच नव्हतं. सातबारा, आठ-अ, आधार, सावकाराच्या कच्च्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत भरून आम्ही बँकेत गेलो. साहेब रजेवर होते. सोमवारी बोलावलं. सोमवारी आणखी एक कागद कमी निघाला. तो तहसीलमधून काढला, परवा मिळाला. आता शुक्रवारी पुन्हा जायचं आहे, अकराच्या आत. वहीत लिहून ठेवलं आहे.